अंगठीवाल्यांची गल्ली

१

मंगळवारी आणि शुक्रवारी वीणाची स्कूलबस गेली की शरयू वर्तक डायनिंग टेबल पुसून घ्यायची, त्यावर टाइपरायटर ठेवायची, टेप ऐकायच्या यंत्राचं पेडल टेबलाखाली सरकवायची आणि हेडफोन लावून बसायची. पाय पुढे दाबला की टेप चालू, टाच दाबली की थोडी मागे. मुंबईत एका सॉलिसिटरकडे तिने नऊ वर्षं स्टेनोचं काम केलं होतं. तिथलं एकच शिक्षण तिच्या हाडीमांसी खिळलेलं होतं: ऐकलं ते टाइप करायचं. आपल्या पदरचं घालायचं नाही, आणि ऐकलेलं गाळायचं नाही.

शिकागोला आल्यावर सात वर्षं त्या बोटांना काम नव्हतं. १९८६च्या उन्हाळ्यात लायब्ररीतल्या बोर्डावर तिला एक चिठ्ठी दिसली. एका अंध लेखकाला टायपिस्ट हवी होती. काम घरून करायचं होतं. शरयूने चिठ्ठी काढून पर्समध्येच टाकली, दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून.

लेखक म्हणजे प्रोद्रोमोस वाल्सामिस. वय चौसष्ट. पंचवीस वर्षं ग्रीक चर्चच्या शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. मधुमेहाने चार वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले होते. मुलगी फोतिनी हॉस्पिटलात नर्स होती. बापलेक वेस्टर्न ॲव्हेन्यूच्या पलीकडे एका विटांच्या दुमजली घरात खालच्या मजल्यावर राहत. म्हातारबुवा आपल्या गावावर पुस्तक लिहीत होते. गाव म्हणजे पालेओस्कला, ग्रीसमधलं समुद्रकाठचं शहर. पुस्तकात दुसरंतिसरं काही नाही, फक्त रस्त्यांची नावं आणि ती कशी पडली त्याचा इतिहास. भाषा इंग्रजी, कारण इथे जन्मलेल्या ग्रीक पोरांना ग्रीक वाचायचा कंटाळा.

"माझी वीणासुद्धा अशीच," शरयू पहिल्या दिवशी म्हणाली होती. "मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते."

"मग तुम्हाला समजेल," ते म्हणाले होते.

सांगायची त्यांची पद्धत मोठी छान होती. धक्क्यापासून सुरुवात करून ते मनातल्या मनात गावातून चालत निघाले होते. 'आता आपण डावीकडे वळू. हा मिठागरांचा रस्ता. मिठागरं कधीच बुजली, नाव राहिलं. पुढे स्मिर्ना रस्ता. बावीस साली तिकडून निर्वासित आले, त्यांनी झोपड्या बांधल्या आणि सोडून आलेल्या गावाचं नाव दिलं.' दोर वळणाऱ्यांचा रस्ता होता. बहिऱ्या बिशपचा चौक होता. शरयूला गिरगाव आठवायचं. फणसवाडीत फणस कुठे होता? तीसुद्धा टाइप करता करता त्यांच्याबरोबर वळणं घ्यायची. दोन महिन्यांत तिला पालेओस्कला घराजवळच्या डेव्हन ॲव्हेन्यूइतकं पाठ झालं.

२

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिला पावलं ऐकू आली.

टेपवर वाल्सामिस वरच्या वस्तीकडे निघाले होते. 'इथून पायऱ्या लागतात,' ते म्हणाले आणि गप्प झाले. गप्प बसायची त्यांची सवय तिला माहीत होती. अशा वेळी मागे त्यांच्या खोलीतले आवाज यायचे, रेडिएटरची टकटक, रस्त्यावरून जाणारी बस. या वेळी त्यातलं काहीच नव्हतं. बुटांचा आवाज होता. दगडावर पडणारं एक पाऊल, मग दुसरं. चढणीवर पडतात तशी सावकाश. मग धाप लागलेला आवाज: 'एकोणचाळीस पायऱ्या. रस्त्याचं नाव, चर्चच्या पायऱ्यांचा रस्ता.'

शरयूने टाच दाबली, टेप मागे नेली आणि मोजलं. एक्केचाळीस.

म्हातारा काठी आपटत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण काठीला टाच आणि चवडा असे दोन आवाज नसतात. शिवाय त्यांचे गुडघे इतके धरलेले होते की खुर्चीतून उठवायलाही फोतिनीचा हात लागायचा.

संध्याकाळी उल्हास ऑफिसातून आल्यावर तिने त्याला हेडफोन लावायला दिले. तो इलेक्ट्रिकल इंजिनियर, अशा गोष्टीत त्याला रस होता. डोळे मिटून त्याने दोनदा ऐकलं.

"मला तर नुसती खरखर येतेय."

"पायऱ्या नाही ऐकू येत?"

"अगं, कॅसेट जुनी असली की एका वेढ्यावरचा आवाज दुसऱ्या वेढ्यावर उमटतो. प्रिंट-थ्रू म्हणतात त्याला. त्यांनी आधीच्या कॅसेटवरच रेकॉर्ड केलं असेल."

उत्तर पटण्यासारखं होतं. शरयूने ते पटवून घेतलं. पानावर मात्र म्हातारबुवांनी सांगितलं तसं एकोणचाळीसच टाइप केलं.

३

शुक्रवारी ती पानं द्यायला गेली. वाल्सामिसांची पुढची खोली लांबट होती. खिडकीपाशी त्यांची खुर्ची, समोर तिच्यासाठी लाकडी खुर्ची, आणि तिच्या पाठीमागे आतल्या बोळाचं दार. बोळात दिवा नसायचा. अंध माणसाला त्याची गरज नव्हती आणि फोतिनी दिवसभर बाहेर असायची. टेबलावर रेकॉर्डर, पाण्याचा पेला आणि स्वच्छ घडी घातलेला रुमाल.

"मिस्टर वाल्सामिस, तुम्ही सांगताना चालता का हो?" तिने हसत विचारलं.

"मी? कुठे चालणार?"

"टेपवर पायऱ्या चढल्याचा आवाज येतो."

त्यांनी चेहरा तिच्या दिशेला वळवला. "किती पायऱ्या?"

"तुम्ही एकोणचाळीस म्हणालात. आवाज एक्केचाळीस येतात."

ते खालचा ओठ दातांनी चाचपत राहिले.

"एक्केचाळीसच आहेत," शेवटी ते म्हणाले. "वरच्या दोन मोडक्या होत्या. आम्ही पोरं त्या धरत नसू." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "एकाच माणसाची पावलं होती?"

तो प्रश्न शरयूला मुळीच आवडला नाही. "हो, एकाच," ती म्हणाली, आणि घाईने नवी टेप पर्समध्ये टाकून निघाली. बसस्टॉपवर उभी असताना तिच्या लक्षात आलं की आपण नीट ऐकलेलं नाही. आपण फक्त मोजलं होतं.

४

नव्या टेपवर दोर वळणाऱ्यांच्या वस्तीतल्या गल्ल्या होत्या. पहिल्या तीन सरळ टाइप झाल्या. चौथीला ते आले तेव्हा त्यांचा आवाज जरा बदलला. वर्गात धडा वाचावा तसा.

'ही दाख्तिलू गल्ली. दाख्तिलिदी म्हणजे अंगठी. जुन्या काळी इथे अंगठ्या घडवणारे सोनार राहत, त्यावरून हे नाव पडलं. गल्ली अरुंद आहे. दोरखान्याच्या अंगणातून बाहेर पडायला हीच एक वाट.'

मग शांतता. आणि त्या शांततेत, अगदी माइकला तोंड लावून बोलावं इतक्या जवळून, एक पुरुषी आवाज म्हणाला, 'प्सेमा.'

शरयूने हेडफोन काढले. स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरत होता, बाकी काही नाही. तिने पुन्हा हेडफोन लावले, टेप मागे नेली. 'प्सेमा.' आवाज वाल्सामिसांचा नव्हता. तरुण होता, आणि रागावलेला नव्हता. एखादा हिशेब चुकला की मास्तरांना सांगावं तसा.

वीणा शाळेतून आली तेव्हाही ती तिथेच बसलेली होती. बारा वर्षांच्या पोरीला यात ओढू नये हे तिला कळत होतं, पण दुसरं कुणी घरात नव्हतं.

"वीणा, जरा ऐक ना. किती माणसं बोलतायत सांग."

वीणाने एका हाताने केळं खात हेडफोन लावले. खाता खाता थांबली.

"वन गाय टॉक्स. देन अनदर गाय सेज समथिंग."

"आणि?"

"अँड द अदर्स."

"दुसरे कोण? ते काय म्हणतात?"

"नथिंग. दे आर जस्ट स्टँडिंग देअर." वीणाने हेडफोन काढून टेबलावर लांब सरकवले. "मॉम, यू कॅन हिअर देम नॉट टॉकिंग."

शरयूने ती टेप पुन्हा लावली नाही. पण पान अर्धवट सोडणं तिला जमेना. ऐकलं ते टाइप करायचं. तिने अंगठ्या घडवणारे सोनार टाइप केले आणि खालच्या ओळीत कंसात लिहिलं: दुसरा आवाज, 'प्सेमा'.

५

शनिवारी सकाळी फोतिनीचा फोन आला. आवाज चढलेला.

"शरयू, हे काय लिहून पाठवलंय तुम्ही? मी बाबांना पानं वाचून दाखवत होते. त्या ओळीपाशी आले आणि त्यांच्या हातातला पेला पडला."

"टेपवर होतं ते लिहिलं. त्याचा अर्थ मला माहीत नाही."

"त्याचा अर्थ 'खोटं'," ती म्हणाली. "बाबा एकटे बसून रेकॉर्ड करतात. घरात कुणी नसतं. मी ती टेप ऐकली, त्यावर असलं काही नाही."

शरयूने माफी मागितली. मंगळवारी नवी टेप आली, तिच्यावर फक्त ती एकच गल्ली होती. म्हातारबुवांनी ती पुन्हा सांगितली होती, आणखी तपशील घालून. सोनारांची नावं, त्यांची दुकानं, एका नववधूच्या अंगठीची गोष्ट. शब्द अगदी ठामपणे येत होते. शरयूने पेडलवर पाय ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. गोष्ट संपली, आणि 'प्सेमा' आलं. या वेळी एक आवाज नव्हता. एकामागून एक बोलले, वेगवेगळ्या वयांचे. कुणी खोकून बोललं, कुणी पुटपुटलं. तिने नकळत मोजले. अकरा.

त्या रात्री जेवताना तिने सगळं सांगितलं. उल्हासने वरणाचा चमचा खाली ठेवला.

"सोड ना ते काम, यार. कॅन्सल कर सरळ. दिवसभर एकटी बसून कानात कुणाचं तरी बोलणं, माणसाला काहीही ऐकू येईल."

"वीणाला पण ऐकू आलं."

"वीणाला तू विचारलंस म्हणून आलं."

असेलही. शरयूला खरं तर तसंच असावं असं फार वाटत होतं. सकाळी फोन करून 'आता जमणार नाही' सांगायचं तिने ठरवलं. पण सकाळी फोन वाल्सामिसांचाच आला. आजवर ते स्वतः कधी फोन करत नसत.

"मिसेस वर्तक, तुम्हाला शॉर्टहँड येतं ना?"

"येतं."

"मग यंत्र नको. वही घेऊन या. ती गल्ली मी तुम्हाला समोर बसून सांगतो. आज या, फोतिनी पाचपर्यंत कामावर आहे." आणि ती नाही म्हणायच्या आत ते म्हणाले, "मी ती नीट सांगितल्याशिवाय ते मला पुढे जाऊ देत नाहीत."

'ते' म्हणजे कोण, हे तिने विचारलं नाही. आजारी, आंधळा माणूस. जावं, लिहून घ्यावं आणि काम संपवावं, असा विचार करून ती दीडच्या बसने निघाली.

६

दुपारचे दोन वाजले होते. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन खिडकीतून थेट त्यांच्या मांडीवर पडलं होतं. त्यांनी दाढी केली होती, कोट घातला होता. रेकॉर्डर टेबलावरून काढून टाकलेला. शरयू नेहमीच्या लाकडी खुर्चीत बसली. पाठीमागे बोळ आहे याची तिला आज पहिल्यांदाच जाणीव झाली.

"लिहा," ते म्हणाले. "दाख्तिलू गल्ली. दाख्तिलो म्हणजे बोट. अंगठी नव्हे. अंगठीची गोष्ट मी पदरची घातली."

तिची पेन्सिल चालू लागली.

"तोवर त्या गल्लीला नावच नव्हतं. चव्वेचाळीसचा ऑगस्ट. जर्मनांनी पहाटे वस्ती वेढली. सगळे पुरुष दोरखान्याच्या अंगणात बसवले. मग एकेकाला गल्लीतून बाहेर सोडू लागले. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस उभा केला होता, डोक्यावर पोतं, डोळ्यांपुरती दोन भोकं. तो ज्याच्याकडे बोट करील त्याला भिंतीशी घ्यायचं, बाकीच्यांनी घरी जायचं. अशी माणसं तेव्हा गावोगाव होती. पोत्याआड कोण, हे कुणाला कळत नसे. आमच्या गावात आजतागायत कळलेलं नाही."

शरयूने मान वर केली नाही.

"मला जर्मनांनी दोन दिवस आधी त्यांच्याविरुद्धच्या पत्रकांसकट धरलं होतं. मी बावीस वर्षांचा होतो. ते म्हणाले, बारा माणसं दे. दिलीस तर तुझ्या भावाला हात लावत नाही. माझा भाऊ निकितास. सतरा वर्षांचा. त्याला मी डोंगरातल्या गावी पाठवलं होतं. मी मनाशी म्हटलं, तो सुरक्षित आहे, आणि सुरक्षितच राहील. मग मी पोतं घातलं."

बाहेर रस्त्यावर एक गाडी पार्क होत होती. ती मागेपुढे झाल्याचा आवाज आला, मग इंजिन बंद झालं. शरयूला वाटलं, आता कुणीतरी दार वाजवावं. कुणीही.

"अकरा झाले. बारावा हवा होता. गल्लीला मधे वळण आहे, माणूस वळून येईपर्यंत दिसत नाही. पावलं ऐकली आणि मी बोट वर केलं. आधीच. कुणीही असो, संपू दे, म्हणून. वळणावरून निकितास आला. मला शोधायला डोंगरातून खाली आला होता."

"मी ओरडू शकलो असतो," ते पुढे म्हणाले. "'हा नाही.' दोनच शब्द. पण अर्धी वस्ती पलीकडे उभी होती, आवाजावरून मला ओळखलं असतं. मी बोट तसंच धरलं. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. हात ओळखला. काही बोलला नाही. स्वतःच चालत भिंतीशी गेला."

शरयूच्या डोळ्यांतून पाणी वहीवर पडलं. पेन्सिल थांबली नव्हती. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप चालत होता.

"आता नावं लिहा," ते म्हणाले.

त्यांनी पहिलं नाव घेतलं. शरयूच्या पाठीमागे, बोळातून, कुणीतरी म्हणालं, 'एदो.'

हा शब्द तिला माहीत होता. टेपवर ते सारखा वापरायचे. 'एदो, इथे आपण वळू.' एदो म्हणजे इथे.

दुसरं नाव. 'एदो.' आवाज वेगळा, थोडा पुढे आलेला. तिसरं. चौथं. प्रत्येक नावामागून पाऊल फरशीवर टेकायचं आणि थांबायचं. फोतिनी लवकर आली असेल. वरचे भाडेकरू असतील. शरयूचं डोकं भराभर कारणं शोधत होतं, आणि त्याच वेळी तिला हेही दिसत होतं की बाजूच्या भिंतीवर, तिरप्या उन्हात, तिची एकटीचीच सावली आहे. मागे वळावंसं तिला वाटलं नाही. मान दगडासारखी झाली होती. आठवं नाव. नववं. म्हातारबुवांचा आवाज हळूहळू बदलत चालला होता. कोंदट, तोंडावर काही धरून बोलावं तसा. त्यांनी रुमाल धरला असेल, तिला वाटलं. अकरावं नाव. 'एदो.'

"निकितास," ते म्हणाले.

कुणी उत्तर दिलं नाही. रेडिएटरची टकटक थांबलेली होती.

"निकितास."

मग बोळात अगदी आतून, लांबून, पावलं आली. बूट नव्हते. अनवाणी पाय, भराभर, उतारावरून यावेत तसे. बाकीच्यांनी बाजूला होऊन वाट दिल्यासारखी फरशी सरसरली. पावलं तिच्या डाव्या हाताला आली. तिच्या खुर्चीला धक्का बसला, लहानसा, घाईत जाताना लागतो तसा. आणि कुणीतरी एक शब्द बोललं. तिच्या हाताने तो वहीत उतरवला.

तेव्हा तिने वर पाहिलं. पुढे आयुष्यभर तिने स्वतःला सांगितलं की ऊन डोळ्यांवर होतं. खुर्चीत कोट होता, हात होते, उजवं बोट वर उचललेलं होतं, आणि चेहऱ्याच्या जागी जाड्याभरड्या गोणपाटाचं कापड. तोंडापाशी ते श्वासाबरोबर आतबाहेर होत होतं. कापडाची खालची कड कुणीतरी धरलेली होती. पोरसवदा हात, नखांत माती. तो हात कड वर उचलू लागला.

शरयूने डोळे घट्ट मिटून घेतले. कापड सरकल्याचा आवाज तिने ऐकला. पुढचं तिने पाहिलं नाही.

७

फोतिनीला लवकर सुट्टी मिळाली होती, ती चारला आली. शरयू खुर्चीत वही उराशी धरून बसलेली होती. फोतिनीने बापाच्या मनगटाला हात लावला, मानेला लावला, आणि ती खाली बसली. नर्स होती. ओरडली नाही. खोलीत पोतं नव्हतं, रुमाल टेबलावर घडी घातलेलाच होता.

"कधी?" तिने विचारलं.

"दोन, अडीच. मला उठता आलं नाही. मला फोन करता आला नाही, फोतिनी."

फोतिनीने बापाकडे पुन्हा पाहिलं. "डोळे तुम्ही मिटलेत?"

"मी त्यांना हात नाही लावला."

"आणि केस? हे केस कुणी सारखे केले?"

शरयूने नकारार्थी मान हलवली.

दहा दिवसांनी, अंत्यविधी उरकल्यावर, फोतिनी शरयूच्या घरी आली. रविवार होता, उल्हास वीणाला घेऊन बाहेर गेला होता. शरयूने चहा ठेवला. तिने जे सांगायचं ते आधीच फोनवर सांगितलं होतं, रडत, थांबत. बोळातलं काही सांगितलं नव्हतं. फक्त म्हाताऱ्याचे शब्द.

फोतिनीचा चेहरा सुजलेला होता. "मला लहानपणापासून सांगितलं होतं की काका टायफसने गेले. आमच्याकडे दर ऑगस्टला त्यांच्या नावाने चर्चमध्ये मेणबत्ती लावायचे. बाबा लावायचे. स्वतःच्या हाताने." तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो टेबलाखाली घेतला. "मी ठरवून आले होते, तुम्हाला सांगायचं की अंगठ्यांचंच राहू द्या. कुणाला कळणार आहे?"

"तुम्ही म्हणाल तसं," शरयू म्हणाली. पण तिचा आवाज फुटला.

चहावर साय धरली.

"नावं वाचा," फोतिनी म्हणाली. तिने वीणाच्या दप्तरातली एक वही पुढे ओढली.

शरयू शॉर्टहँडच्या रेघांवरून एकेक नाव वाचत गेली. प्रत्येक नावानंतर ती थांबत होती, आणि फोतिनीही लिहून झाल्यावर पेन्सिल उचलून क्षणभर थांबत होती. एकमेकींना त्या काही बोलल्या नाहीत. कुणीही दाराकडे पाहिलं नाही. घर शांत होतं. अकरा नावं झाली.

"बारावं वाचू नका," फोतिनी घाईने म्हणाली. "ते मी लिहिते."

तिने काकाचं नाव लिहिलं. मग पेन्सिल तशीच कागदावर टेकवून बसली. टोक मोडलं. शरयूने दुसरी पेन्सिल दिली. फोतिनीने खाली नवी ओळ घेतली आणि लिहिलं: बोट दाखवणारा, प्रोद्रोमोस वाल्सामिस. अक्षर वाकडंतिकडं आलं होतं. तिने ते गिरवून नीट केलं.

"असंच टाइप करा. पुस्तक छापणाऱ्या इथल्या ग्रीक मंडळाला पटलं नाही तर मी त्यांच्याशी बोलेन." ती उठता उठता शरयूच्या वहीकडे झुकली. "इथे खाली आणखी एक खूण आहे. हे काय?"

शरयू ते पान दहा दिवस झाकून ठेवत होती.

"ते तुमच्या बाबांनी नाही सांगितलं," ती म्हणाली. "ते मी ऐकलं म्हणून लिहिलं. त्या वेळी. अगदी शेवटी."

फोतिनी पुन्हा खाली बसली. तिने कुणी म्हटलं असं विचारलं नाही.

"वाचा."

शरयूने रेघेवर बोट ठेवलं, मग झटकन ते उचललं. "पामे," ती म्हणाली.

फोतिनीचा हात तोंडाशी गेला.

"काय अर्थ त्याचा?"

"'चल.'" फोतिनी कुजबुजली. "'चल, जाऊ.' धाकटा थोरल्याला म्हणतो तसं." ती शरयूकडे बघत राहिली, तिच्या डोळ्यांत कसलीतरी आशा होती आणि तितकीच भीती. "कुठे? कुठे ते नाही म्हणाला?"

शरयूने वहीचं पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं.